सहावा थर

१

दगडखाणीचा आराखडा करायला बसलं की आधी थर सांगावे लागतात. सॉफ्टवेअरला जमीन दिसत नाही. आपण सांगू तेवढीच त्याला कळते. एक यादी असते. प्रत्येक थराचं नाव, रंग, क्रम त्यात भरायचा. तो कुठल्या उंचीवर सुरू होतो आणि कुठे संपतो, ते बोअरच्या, म्हणजे चाचणीसाठी जमिनीत पाडलेल्या भोकांच्या, नोंदी बघून द्यायचं. मग पडद्यावर डोंगराचा उभा काप दिसतो आणि खाण कुठवर न्यायची ते ठरवता येतं.

मी स्नेहल. हे काम मी नऊ वर्षं करते आहे. मूळची वणीची. वडील कोळशाच्या खाणीत सर्व्हेअर होते, त्यामुळे थर हा शब्द मी शाळेआधी घरातच शिकले. आता हिंजवडीतल्या एका लहानशा कंपनीत आहे आणि राहते नेऱ्यात. कोळशाच्या मानाने इकडचा दगड फार सोपा. ही गोष्ट ज्या खाणीची, ती मुळशीतच, पौडच्या पुढे डोंगराला लागून होती. मालक सूसचे जनार्दनराव. त्यांना खाण आणखी वीस मीटर खोल न्यायची होती आणि आराखडा आठवड्याभरात हवा होता. थर पाच: माती, मुरूम, वरचा काळा दगड, मधला तांबड्या मातीचा पट्टा आणि खालचा काळा दगड. बोअर सहा. त्यातलं सगळ्यात खोल बोअर समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर संपत होतं. खाणीचा तळ होता ६१८ वर.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास पाच थर भरून मी चहाला उठले. परत आले तेव्हा यादीत सहा होते.

सहाव्याचं नाव कोरं होतं. रंग तांबूस, पण आमच्या तांबड्या पट्ट्याचा नव्हे. ओठ उलटा केला की आत दिसतो तसला. माथा ५६० मीटरवर. म्हणजे आमचं सगळ्यात खोल बोअर संपतं त्याच्याही तीस मीटर खाली, जिथली काहीच माहिती आम्ही दिलेली नव्हती. जाडी एक मीटर चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. मी कर्सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सगळीकडे एक चौऱ्याहत्तर. दगडाचा थर असा कधी नसतो. तो कुठे फुगतो, कुठे चेपतो, कुठे सुटूनच जातो.

जुन्या कुठल्या तरी कामाचं राहिलं असेल, असं म्हणून मी तो पुसला आणि पुढच्या कामाला लागले.

२

मंगळवारी तो परत होता. माथा ५६४ वर.

माझ्या कामात चूक शोधायची एक पद्धत आहे. आधी स्वतःवर संशय घ्यायचा, मग आकड्यांवर, मग यंत्रावर. मी सहाही बोअरच्या नोंदी पुन्हा वाचल्या. फाइल नव्याने बनवली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली. नेटवर्कची वायर काढून बघितली. थर होता. पुसला की जायचा, आणि फाइल पुन्हा उघडली की यायचा.

"डिलीट कर ना, एवढं काय त्यात," ऋषिकेश म्हणाला. तो आमचा टीम लीड, स्वभावाने चांगला, पण त्याच्या डोक्यात नेहमी पुढचं काम असतं.

"पाच वेळा केला."

"मग हाइड कर. क्लायंटला खालचं कशाला दाखवायचं? त्यांना दगड हवाय, तो वर आहे."

ते बरोबर होतं. मी थर पडद्यावरून लपवला. पण बुधवारी सकाळी ऑफिसात पोचल्यावर हेल्मेटही न काढता मी तो आधी उघडून बघितला. ५७२.

तेव्हा मी वही काढली. ५६०, ५६४, ५७२. आधी चार मीटर, मग आठ. गुरुवारी ५८८ निघालं, म्हणजे सोळा. जाडी तीच. आता त्याचा माथा आमच्या सगळ्यात खोल बोअरच्या टोकापासून दोनच मीटर खाली होता, आणि त्या बोअरच्या नोंदीत शेवटी स्वच्छ लिहिलेलं होतं: काळा दगड, अखंड, कठीण.

असंच दुप्पट होत गेलं तर शुक्रवारी सकाळी दहाच्या आसपास तो ६१८ ला पोचणार होता. ६१८ वर माणसं काम करत होती.

पडद्यावरचा आकडा तो. दगड काही वर येत नाही. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. मग ऋषिकेशला म्हटलं की साइटवर मोजमापं तपासायची आहेत, आणि स्कूटर काढली.

३

खाणीत उतरलं की वाऱ्याचा आवाज बंद होतो. चाळीस मीटर खोल खड्डा, भिंती तीन टप्प्यांत कापलेल्या, आणि वळत खाली जाणारा एकच मातीचा रस्ता. तळाच्या एका कोपऱ्यात झिरपलेलं पाणी साठतं, ते उपसायला पंप कायम चालू. वर दगड फोडणाऱ्या क्रशरची घरघर.

तळाचे मुकादम इलाहीचाचा. पौडचे. तीस वर्षं दगडात सुरुंगाची भोकं पाडताहेत. हात इतके राठ, की ते हात जोडायचे तेव्हा आवाज यायचा. त्यांना धरून तळात चौदा माणसं होती. पोकलेन चालवणारा जयसिंग, ड्रिलवरचे चौघे, झारखंडचे तिघे, आणि वरच्या वाडीच्या पाच बायका, ज्या हाताने दगड निवडायच्या. त्या बायकांत सगळ्यात मोठी धोंडाबाई, कमरेत वाकलेली.

मी चाचांना थराबद्दल काही सांगितलं नाही. इतकंच विचारलं, "या आठवड्यात ड्रिल करताना काही वेगळं जाणवलं का?"

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. माझ्या कामात थोडा फरक येतोय."

"भोकातनं भुकटी येती न्हवं, ती गरम लागतीया. सोमवारपासनं." त्यांनी दगडात रोवलेल्या एका ड्रिलच्या रॉडकडे बोट दाखवलं. "आन् आवाज हाय. हितं कान लावा."

मी गुडघ्यावर बसले आणि लोखंडाला कान लावला. गार होतं. आधी पंपाची धडधड आली, मग क्रशर. मग त्या दोन्हींच्या खाली, सारख्या अंतराने, कुणी नखाने टिचकी मारावी तसे ठोके. घाई नसलेले. मग ते थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"मोजा," चाचा म्हणाले.

मी मोजले. पुन्हा मोजले.

"परवा चौदा हुतं," ते हळू आवाजात म्हणाले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. "काल धोंडाबाई नातीला घिऊन दवाखान्यात गेलती. काल तेरा. आज किती आलं?"

"पंधरा," मी म्हटलं. "चाचा, पण तुम्ही तर चौदाच आहात."

"तुमी हितं हायसा न्हवं," ते म्हणाले.

मी उठले. कारणं शोधायला लागले, कारण तेच माझं शिक्षण आहे. दगडात पाणी थेंबथेंब पडत असेल. पंपाचा ठेका फटीतून परतत असेल. जेवणाच्या सुट्टीत मी क्रशर आणि पंप दोन्ही बंद करायला लावले आणि पुन्हा कान लावला. वर निम्मी माणसं जेवायला गेली होती. आठ ठोके आले. मी मान वर करून तळातली माणसं मोजली. माझ्यासकट आठ.

"तीस वर्सं झाली मला," इलाहीचाचा म्हणाले. "दगडाचा आवाज दगडाचा असतोय. ह्यो तसला न्हाई. कपडे शिवायच्या आदी शिंपी माप घेतोय, तसं कुनीतरी घेतंय."

४

जनार्दनराव दुपारी आले. क्रशरजवळ त्यांची पत्र्याची केबिन होती. तिथे मी सरळ मागणी केली: शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा तळात कुणीही नको.

"का?"

मी तयारी केली होती. तळाखाली मऊ थर असण्याची शक्यता आहे, दाब बदलतोय, भुकटी गरम येते आहे. सगळं खरं होतं आणि सगळं लंगडं होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. उर्मट माणूस नव्हता तो. "बाई, तुमच्याच कागदावर लिवलंय, खाली अखंड दगड. त्यो कागद खोटा का?"

"कागद खरा आहे."

"मग?"

त्यांनी ऋषिकेशला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"स्नेहल, प्लीज," ऋषिकेश म्हणाला. "त्यांना आपण लेखी काय देणार? सॉफ्टवेअरमधला एक थर रोज वर चढतोय? तू स्वतः वाचलंस तर सही करशील त्याच्यावर?"

"नाही करणार," मी म्हटलं.

"मग परत ये. उद्या निवांत बघू."

मी फोन परत दिला. जनार्दनराव उठता उठता म्हणाले, "उद्या तळात काम चालू पायजे. मानसं नुसती बसवून ठेवायची मला सवय न्हाई."

त्यांची गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर इलाहीचाचा केबिनच्या मागून आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"भोंगा माज्या हातात हाय," ते म्हणाले. "सुरुंग उडवायच्या आदी भोंगा हुतो. भोंगा झाला की तळ मोकळा करायचा, ह्यो कायदा हाय. खाली दारू भरलीया का न्हाई, ते बगाय कोन बसलंय?"

"आणि काहीच झालं नाही तर? तुमचं काम जाईल, चाचा."

"जाऊंद्या. घरी बसून ह्येच म्हनंन, की काय झालं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमचंबी जाईल की."

"जाईल," मी म्हटलं. ते बोलल्यावर मला फार हलकं वाटलं.

५

शुक्रवारी पावणेनऊला मी खाणीच्या काठावर लॅपटॉप उघडून बसले होते. ऊन स्वच्छ होतं. क्रशर चालू. खाली तेरा माणसं, मुंगीएवढी.

माथा ६१६.

फाइल बंद केली, उघडली. ६१६.४. पुन्हा बंद, पुन्हा उघडली. ६१७. माझ्या हिशोबापेक्षा तो पुढे होता, आणि दर वेळी आणखी पुढे जात होता. मी मान वर करून चाचांना हात केला. ते काठावरच्या खोपटात भोंग्याशी उभे होते. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं आणि मूठ फिरवली.

भोंगा डोंगरावर आपटून परत आला. खालची माणसं थबकली. ही सुरुंगाची वेळ नव्हती. पण अंगात मुरलेली सवय होती; हत्यारं खाली पडली आणि रांग रस्त्याला लागली. बायका पुढे. चाचा एकेकाचा दंड धरून त्याला मागे सरकवत मोजत होते. दहा, अकरा, बारा. स्वतःला धरून तेरा.

"जयसिंग कुटं हाय?"

तळाच्या दूरच्या कोपऱ्यात पोकलेन अजून दगड उचलत होतं. केबिनची काच बंद. भोंगा त्याला ऐकूच गेला नव्हता.

चाचांनी पुन्हा भोंगा दिला. धोंडाबाई काठावरून हात हलवत ओरडली. यंत्र वळलं, बादली भरली, पुन्हा वळलं. चाचांच्या गुडघ्यात तीस वर्षांचा दगड बसला होता. बाकीचे माझ्याकडे बघत होते, कारण का ते त्यांना माहीत नसलं तरी हे सगळं माझ्यामुळे चाललंय, एवढं त्यांना कळलं होतं.

मी लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि उतारावरून धावत सुटले.

६

दुसऱ्या वळणाच्या खाली हवा गरम होती. तळावर पाय टेकला तेव्हा बुटातून ऊब आली, तव्यावरून नुकतीच भाकरी काढल्यावर असते तेवढी.

आता रॉडची गरज नव्हती. पायातच येत होतं ते. ठक, ठक. मग गप्प. ठक, ठक. मग गप्प.

आम्ही दोघंच होतो खाली.

मी एक दगड उचलून पोकलेनच्या काचेवर मारला. यंत्र थांबलं. जयसिंगने दार उघडलं, आतलं गाणं बाहेर आलं. "काय वो मॅडम, काच फुटंल की."

"उतरा. भोंगा झालाय."

"आज कसला सुरुंग? बरं, मशिन घिऊन येतो वर."

"मशिन राहू द्या. उतरा."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं, साठलेल्या पाण्याकडे. पाण्यावर वलयं उठत होती. थेंब पडल्यावर उठतात तशीच, पण पडत काहीच नव्हतं. दोन वलयं. थांबून, पुन्हा दोन.

"ह्ये काय वाजतंय?" तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता त्याने उडी मारली.

आम्ही पळालो. कोपऱ्यापासून रस्त्याच्या पायथ्यापर्यंत शंभरेक पावलं असतील. मी पुढे होते. माझा पाय उतारावर चढला आणि मागे, तळातून, एकच ठोका आला. ठक. थांबून, पुन्हा एक. मी वळले, जयसिंगचा हात धरला आणि त्याला वर ओढलं.

मग काहीच आलं नाही. पंप चालू होता, क्रशर चालू होता, वर माणसं ओरडत होती, आणि त्या सगळ्याच्या खाली अशी शांतता पडली, की मला वाटलं, आता आमचं काय करायचं याचा कुणीतरी विचार करतंय.

"थांबू नका," मी म्हटलं. तो थांबलाच नव्हता. मीच थांबले होते.

७

दुसऱ्या टप्प्यावर पोचून मी मागे बघितलं.

आवाज झाला नाही. आधी साठलेलं पाणी एका बाजूने मिटलं. मग सगळा तळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, काळ्याचा तांबूस झाला, ओलं फडकं रंग पितं तसा. चाचांच्या लोकांनी त्या आठवड्यात पाडलेली बावीस भोकं होती. ती एकेक करून बुजली. पोकलेन नावेसारखं एकदाच डोललं आणि स्थिर झालं. मग तळ पुन्हा काळा झाला, आणि तो रंग समोरच्या भिंतीत चढला.

पाण्याच्या टाकीत पातळी वर येते तसा तो पट्टा भिंतीतून वर येत होता. पुढचा दगड तांबूस होत होता, मागचा पुन्हा काळा. माझा हिशोब इथे पुरता चुकला होता. लिफ्टने मजले ओलांडावेत, इतका त्याचा वेग होता. त्याच्या वर आणि खाली दगड तसाच्या तसा, एक चीरही नाही. जाडी माझ्याहून थोडी जास्त. समोरासमोर आला तेव्हा मला त्याच्या आत दिसलं.

मी जे बघितलं ते क्षणभरच. उन्हाची तिरीप होती, मी धापा टाकत होते, हे सगळं मला मान्य आहे.

त्यात जागा होत्या. उभ्या, माणसाएवढ्या, खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळत्या, ओळीने कोरलेल्या. एक कमरेत वाकलेली. एक बसलेली, दोन्ही हात पुढे, दांडे धरल्यासारखे. मी मोजल्या; मोजणं हा माझा धंदाच आहे. चौदा. आणि ओळीच्या शेवटी, रस्त्याच्या बाजूला, एक अर्धवट. डोकं, मान आणि उजवा खांदा, एवढंच झालं होतं. मी वर्षानुवर्षं दप्तर उजव्या खांद्याला लावते, त्यामुळे तो खांदा थोडा उतरलेला आहे. तोही उतरलेला होता.

सगळ्या रिकाम्या होत्या.

भीती मला नंतर वाटली, घरी, भर दुपारी, भांडी घासताना. त्या क्षणी माझ्या छातीतून जे वर आलं ते वेगळंच होतं. मी त्या भिंतीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "एकही नाही मिळालं." जयसिंगने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं.

पट्टा वर चढत गेला. पण आता तो बारीक होत होता. दुसऱ्या टप्प्याच्या माथ्याला हातभर, तिसऱ्याला चार बोटं, मग साडीच्या काठातल्या दोऱ्याएवढा. कोळशाचा थर असा निमुळता होत संपतो, हे मी शेकडो आराखड्यांत काढलंय. पण थर संपताना डोळ्यांनी कधी बघितला नव्हता. काठाच्या हातभर खाली, जिथे माणसं उभी होती त्यांच्या पायाखाली, तो संपला.

मी आणि जयसिंग वर पोचलो. इलाहीचाचांनी त्याला दोन्ही हातांनी चाचपून बघितलं, मग मलाही खांद्याला धरलं, आणि त्यांना रडू फुटलं. झारखंडच्या पोरांपैकी एकाने आनंदाने टोपीच हवेत उडवली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. का हसतोय ते बहुतेकांना माहीत नव्हतं.

धोंडाबाई तेवढी हसत नव्हती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "त्यातली वाकल्याली माजी हुती न्हवं?"

मी होकाराची मान हलवली.

"नीट काडली न्हवती," ती म्हणाली. "मी येवढी न्हाई वाकत." आणि तीही हसली.

८

पुढचं कागदोपत्री आहे. तपासणीला माणसं आली. तळाखालचा मऊ थर दाबाने वर आला असावा, असा त्यांचा अंदाज. पोकलेनच्या पट्ट्या चार बोटं दगडात रुतल्या होत्या, तो दगड नसून वाळलेला गाळ असावा, असंही ते म्हणाले. चाचांनी एकाला हातोडी दिली. त्याने तीनचारदा मारून बघितली आणि हातोडी परत केली. बावीस भोकं कधी पाडलीच नव्हती, असं अहवालात आलं. माझ्या फाइलीत थर पाचच होते. वहीतले आकडे कुणी मागितले नाहीत. ऋषिकेशने मात्र ते वाचले, वही मिटली आणि म्हणाला, "मी तुझ्या जागी असतो तर ऑफिसला परत आलो असतो, स्नेहल. मला ते आता कळतंय." त्याला एवढं बोलणं जड गेलं.

खरी लढाई पुढच्या सोमवारी झाली. जनार्दनरावांच्या केबिनमध्ये मी आराखडा उलगडला. खाण रुंद करायची, पूर्वेकडे दोन नवे टप्पे, दगड आधी ठरला होता त्याहून थोडा जास्तच. आणि सगळ्यात खाली, तळाची मर्यादा: ६२०. आजच्या तळाहून दोन मीटर वर.

"वर?" जनार्दनराव म्हणाले. "मी खाली जायाला सांगितलं, आन् तुमी वर आणताय?"

"हो."

"चांगला दगड खालीच हाय, बाई."

"आहे."

"मग खाली जायाच्या कागदावर सही कशापायी अडवताय? मी दुसऱ्याकडनं घीन."

"घ्या. पण त्याला एकदा तळात उतरवा आणि कान लावायला सांगा. त्याने सही केली तर मी तुमच्याकडे परत येणार नाही."

केबिनच्या दारात तेव्हा सगळे उभे होते. कुणी बोलावलं नव्हतं. इलाहीचाचा, जयसिंग, पाच बायका, ड्रिलवाले. जनार्दनरावांनी त्यांच्याकडे एकेक करून बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि मला वाटलं की तेही मोजताहेत. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

"खाली हाय तरी काय, येवढं सांगा," सही करता करता त्यांनी विचारलं.

"ते माझ्या नोंदीत नाही," मी म्हटलं.

त्या दिवशी तळातला पंप बंद केला. झरे भरपूर होते. दीड महिन्यात पाणी तळावर पसरलं, पोकलेनच्या पट्ट्या गेल्या, केबिन निम्मी गेली, आणि ६२० ची पांढरी खूण ओली झाली. तोवर पूर्वेचा नवा टप्पा सुरू झाला होता. माणसं तीच चौदा. मी मोजमापाला गेले तेव्हा सगळी काठावर येऊन उभी राहिली. खाली स्वच्छ, हिरवट पाणी होतं, त्यात अख्खं आभाळ.

जयसिंगने एक खडा उचलून टाकला. एक वलय उठलं आणि पसरत चारी भिंतींना लागलं. आम्ही सगळे श्वास धरून उभे होतो. पाणी निवळलं. दुसरं वलय उठलं नाही.

मग धोंडाबाईने पदर खोचला आणि पाण्याकडे पाठ फिरवली.

"चला," ती म्हणाली. "वर लई काम पडलंय."